जहाज मंदावलं होतं

सेंगकांग, सिंगापूर
८ जून २०२५

अमेय,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहिले होते. मग खोडले, आणि खाडाखोड दिसते म्हणून हा दुसरा कागद घेतला. नऊ वर्षांनी धाकट्या भावाला आशीर्वाद पाठवावेत असं माझ्या हातून काही झालेलं नाही, एवढं मला कळतं.

पत्ता जाईनं दिला. बायको आहे तुझी, तिच्यावर रागावू नकोस. स्मिता गेली तेव्हा तिनं फोन केला होता, तेव्हापासून सणावाराला एखादा मेसेज करते. तू महाबळेश्वरच्या खालच्या एका गावात मधाच्या पेट्या सांभाळतोस आणि समुद्राचं नाव काढत नाहीस, एवढंच सांगते. मी जास्त विचारत नाही.

मी मार्चअखेरीस निवृत्त झालो. राजस मेलबर्नला आहे. इथे मी एकटा. सकाळी खाली कॉफी शॉपमध्ये तेह-ओ, म्हणजे बिनदुधाचा चहा पितो, मग कधीकधी एलआरटीत, त्या दोन डब्यांच्या लोकल गाडीत बसतो. आमची एलआरटी गोल फिरून निघाल्या जागी परत येते, त्यामुळे कुठे उतरायचं हा प्रश्न येत नाही. एकदा लागोपाठ चार फेऱ्या केल्या. समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, "अंकल, यू लॉस्ट आह?" म्हणालो, नाही, घरीच चाललोय.

तेव्हा ठरवलं की हे बरं नाही. आणि बेटांवर जायला लागलो.

हार्बरफ्रंटच्या ऑफिसातली माझी खिडकी तुला आठवत असेल. तिच्यातून दक्षिणेला बेटांची एक निळसर रेघ दिसायची. एकतीस वर्षं कंपनीची जहाजं कुठे, कधी लागायची ते ठरवताना ती रेघ माझ्यासमोर होती आणि मी एकदाही तिकडे गेलो नव्हतो. माझ्या लेखी तिथे फक्त खोली, प्रवाह आणि नांगर टाकायच्या जागा होत्या. आता कळतं की तो इंडोनेशियाचा एक अख्खा प्रांत आहे. रियाऊची बेटं. दोन हजारांच्या वर आहेत, आणि माणसं राहतात ती त्यातल्या जेमतेम चारशेंवर. बाकी पाणीच. राजधानी तांजुंग पिनांग, बिंतान नावाच्या मोठ्या बेटावर. पण गजबज बाटामला जास्त. तिथले कारखाने, गोद्या, शनिवार-रविवारी स्वस्त जेवायला आलेले सिंगापूरकर. फेरीनं तासभर लागतो आणि घड्याळ एक तास मागे करावं लागतं. आपण सातला निघालो तर तिकडे सातलाच पोचतो. मला याची मोठी गंमत वाटली.

तिकीट खिडकीवरच्या बाई आता ओळखतात. सहाव्यांदा गेलो तेव्हा म्हणाल्या, "अगेन बाटाम? गॉट गर्लफ्रेंड इज इट, अंकल?" मी हसलो. फिरायला जातो, म्हणालो.

तुलाही तेच लिहितो. फिरायला जातो. उत्तराची अपेक्षा नाही.

प्रबोध

सेंगकांग
२९ जून २०२५

अमेय,

जाईनं कळवलं की पत्र पोचलं, तू ते न फोडता फडताळात ठेवलंस. ठीक आहे. दुसरंही त्याच्याशेजारी ठेव.

काल बलाकांग पादांगला गेलो होतो. बाटामच्या सेकुपांग धक्क्यावरून लाकडी होडी मिळते, पंधरा मिनिटांचा रस्ता. छोटं बेट. मोटारी जवळजवळ नाहीत, सायकलरिक्षा आहेत. किनाऱ्यावर कॉफीची दुकानं आहेत, आणि तिथे बसलं की समोर सिंगापूरच्या इमारती अशा उभ्या दिसतात की हात लांब केला तर लागतील. तिथले लोक या बेटाला 'आठवणीवरचं औषध' अशा अर्थाचं लाडकं नाव देतात. मी तीन कप कॉफी प्यायलो. औषध लागू पडलं नाही.

दुकानात एक निवृत्त शाळामास्तर रोज येऊन बसतात. इतिहास शिकवायचे. माझं मलाय बाजारातलं, भाजीवालीशी बोलण्यापुरतं, पण ते हळू बोलले. त्यांनी सांगितलं की दोनशे वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख, सिंगापूर, जोहोर, ही बेटं, एकाच सुलतानाचा होता. सुलतान वारला, मागे दोन सावत्र भाऊ. इंग्रजांनी थोरल्याला हाताशी धरलं आणि सिंगापुरात गादीवर बसवलं. धाकटा तिकडे दक्षिणेला लिंगा बेटावर राहिला, त्याच्या पाठीशी डच. पुढे इंग्रज आणि डचांनी आपसात तह करून पाण्यावर एक रेघ ओढली. रेघेच्या वरचं यांचं, खालचं त्यांचं. कोळ्यांना कुणी विचारलं नाही. कुणाची मावशी वर राहिली, कुणाचं जाळं खाली.

मी विचारलं, ते दोघे भाऊ पुन्हा कधी भेटले का? मास्तर म्हणाले, पुस्तकात तसं काही वाचलेलं आठवत नाही.

गालांग बेटाचंही सांगितलं. व्हिएतनाममधून होड्यांतून पळून आलेली माणसं तिथे वर्षानुवर्षं छावणीत राहत होती. आता ओस आहे. मास्तरांचे वडील मासे धरायला जात तेव्हा त्या होड्या येताना पाहत. म्हणायचे, पाण्यात माणूस दिसला की तो कुठला हे नंतर विचारायचं, आधी वर घ्यायचं. या बेटांवरचा हा सगळ्यात जुना कायदा.

मग मी उठलो. उठता उठता विचारलं की तेरुबुक नावाचं बेट इथून किती लांब. एका ओळखीच्याकडून नाव ऐकलं होतं म्हणून विचारलं. मास्तर म्हणाले, तासाभराचं अंतर, पण तिथे पाहण्यासारखं काही नाही, वीस-पंचवीस घरं आहेत, समुद्रावरची माणसं राहतात. आतान नावाचा होडीवाला नेईल.

स्मिताबद्दल एक लिहायचं राहून गेलं होतं. तू आणि मी का बोलत नाही, असं ती विचारायची. मी तिला सांगितलं होतं की कोथरूडच्या फ्लॅटवरून बिनसलं. तिला ते खरं वाटलं. अमेय असा निघेल असं वाटलं नव्हतं, असं ती दोन-चारदा म्हणाली. ती गेली तीही तुझ्याविषयी हेच मत घेऊन. हे मी आज पहिल्यांदाच कुणाला सांगतो आहे.

प्रबोध

सेंगकांग
२० जुलै २०२५

अमेय,

तेरुबुकला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

आतान साठीचा, अबोल माणूस. वाटेत म्हणाला, तिथले लोक पूर्वी होडीतच जन्मायचे, होडीतच लग्न व्हायचं, मरायचेही होडीत, जमिनीवर फक्त पुरायला आणायचे. मग सरकारनं किनाऱ्यावर घरं बांधून दिली. बांधली तीही पाण्यावर, खांबांवर. ओहोटीला खाली चिखल दिसतो, भरतीला होडी थेट दारात लागते.

शेवटच्या घराच्या ओट्यावर एक माणूस खेकड्यांचे पिंजरे दुरुस्त करत बसला होता. नाव जुमात. पन्नाशीचा असेल, दिसतो सत्तरीचा. आताननं सांगितलं, हे सिंगापूरहून आलेत, बेटं पाहतात. जुमातनं बसायला जागा केली, गरम पाणी दिलं. घरात तो एकटाच. भिंतीवर एका बाईचा फोटो, शेजारी शाळेच्या गणवेशातल्या लहान मुलीचा.

मी विचारलं नाही. आतानच म्हणाला, याची बायको समुद्रात गेली.

जुमातनं हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं. बऱ्याचदा सांगून झालेलं असावं, अशा आवाजात. ऑक्टोबर महिना, शनिवार. तो आणि सेनाह, त्याची बायको, पहाटे खेकडे घेऊन बलाकांग पादांगच्या बाजाराला निघाले. सहाच्या सुमारास पश्चिमेकडून सुमात्रा म्हणतात तो वादळी पाऊस आला. तुला माहीत आहे तो कसा येतो. काळी भिंत, मग वारा, मग हातावरचं दिसत नाही. त्यानं इंजिन बारीक केलं, सेनाह पुढे बसून पाणी उपसत होती. तेवढ्यात पावसातून लोखंड आलं. त्यानं असंच म्हटलं, लोखंड आलं. होडी दुभंगली. तो वर आला तेव्हा एक फळी हाताला लागली. सेनाह एकदा दिसली, तिनं त्याला हाक मारली, मग दिसली नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या बेटाच्या किनाऱ्याला सापडली.

पाच तास तो फळीला धरून होता. मग बिंतानच्या कोळ्यांनी उचललं.

पण त्याचं सांगणं इथे संपत नाही. पाऊस थोडा विरळ झाला तेव्हा त्याला जहाजाची पाठ दिसली. आणि जहाज मंदावलं होतं. मागचं पाणी पांढरं होतं ते निवळत गेलं, इंजिनाचा आवाज उतरला. त्याला वाटलं, कुणीतरी पाहिलं, आता वळतील. त्यानं ओरडून सेनाहला तसं सांगितलंही, ती ऐकायला असेल म्हणून. मग पाणी पुन्हा पांढरं झालं आणि जहाज निघून गेलं.

कुणाचा विश्वास बसला नाही. बंदराच्या कारकुनानं चौकशी केली, त्या वेळी तिथून एकही जहाज गेलं नव्हतं असं उत्तर आलं. कागदावर लिहिलं गेलं की वादळात निष्काळजीपणे होडी हाकली आणि उलटली. सेनाहच्या भावांनी ते वाचलं. जुमातनंच तिला खराब हवेत बाहेर काढलं, तिला मारलं आणि वर जहाजाची गोष्ट रचली, असं त्यांनी धरलं. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. मामा तिला आपल्या बेटावर घेऊन गेले. मेलाती नाव, म्हणजे मोगरा. आता सतरा वर्षांची आहे. बापाशी बोलत नाही.

मी गरम पाणी संपवलं, आभार मानले आणि परत आलो. मी कोण ते सांगितलं नाही.

प्रबोध

सेंगकांग
२१ जुलै २०२५

अमेय,

कालचं पत्र सकाळी पेटीत टाकलं आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. हे पत्र मात्र फडताळात ठेवू नकोस. आधीची तीन न वाचता फेकलीस तरी चालेल, हे वाच.

ते जहाज तुझं होतं.

२२ ऑक्टोबर २०१६, शनिवार, सकाळी सात. मी इथेच, याच टेबलाशी होतो, स्मितानं चहा ओतला होता. तुझा फोन आला. तू म्हणालास, "दादा, बहुतेक लाकडी होडी होती. सुकाणूवरच्या हेल्म्समननं काहीतरी ऐकलं. मी वेग कमी केलाय, वळू ना?" मी विचारलं, रडारवर काही दिसलं का? तू म्हणालास, पावसात रडार सगळं पांढरं आहे. मी म्हणालो, मग ओंडका असेल, बंदराचा पायलट तासाभरात येतोय, ही वेळ चुकली तर चार दिवस धक्का मिळणार नाही.  पुढे म्हणालो, "वळू नकोस. पुढे चल." जहाजाच्या रेकॉर्डरवरचं जपून ठेवू का, असं तू विचारलंस, त्यालाही मी नको म्हणालो. स्मितानं विचारलं, कोण? मी म्हणालो, अमेय, पाऊस आहे म्हणाला.

हे तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नसलेलं पुढे आहे.

तीन दिवसांनी बाटामच्या एका एजंटची ईमेल आली. तेरुबुक बेटाची एक होडी बुडाली, एक बाई गेली, सकाळी सहाला त्या पाण्यात तुमचं जहाज होतं का? बेटाचं नाव मला तिथूनच कळलं, कुणा ओळखीच्याकडून नाही. सहा वाजता म्हणजे त्यांचे सहा, आपले सात. हे मला वाचताक्षणी कळलं. मी उत्तर लिहिलं की सकाळी सहाला आमचं जहाज तिथून बारा मैल दूर होतं. सोबत लॉगचा उताराही जोडला. आपल्या घड्याळाप्रमाणे त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. मी मेल पाठवली आणि जेवायला गेलो.

त्यानंतर तू घरी आलास, जिन्यात उभं राहून मला विचारलंस, काही कळलं का? मी म्हणालो, सगळीकडे चौकशी केली, काही नाही. तरीही तू स्वतःच अधिकाऱ्यांना कळवायचं म्हणत होतास. तेव्हा मी कंपनीला पत्र लिहिलं की कॅप्टनला महिनाभर झोप नाही, भास होतात, त्याला उतरवावं. ते पत्र माझ्या सहीचं होतं हे तू पाहिलंस. म्हणून तू माझ्याशी बोलणं सोडलंस, आणि ते योग्यच होतं. पण जाई सांगते की डॉक्टरांनी दोन वर्षं तुला गोळ्या दिल्या आणि शेवटी तूसुद्धा मानलंस की तो ओंडकाच होता, बाकी सगळं तुझ्या डोक्यात होतं.

तुझ्या डोक्यात नव्हतं. तिथे होडी होती. तिच्यातल्या बाईचं नाव सेनाह होतं.

हे तुला सांगावं की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. वेड लागलं नव्हतं हे सांगायचं तर दुसरी गोष्ट सांगावीच लागते. दोन्ही एकाच वाक्यात येतात, वेगळी करता येत नाहीत. मी ठरवायचा प्रयत्न करत होतो की तुला काय झेपेल. मग लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतोय, किनाऱ्यावर बसून तुझ्यासाठी ठरवतोय.

प्रबोध

सेंगकांग
१७ ऑगस्ट २०२५

अमेय,

जाईचा मेसेज आला होता. तू चारही पत्रं एका बैठकीत वाचलीस, पेट्यांकडे गेलास, संध्याकाळपर्यंत आला नाहीस, आणि त्या दिवसापासून तिच्याशीही फारसं बोलत नाहीस. मी तिला फोन केला तर ती म्हणाली, दादा, आता काही दिवस फोन नका करू. नाही केला.

मी पुन्हा तेरुबुकला गेलो. आतानला बाहेर थांबायला सांगितलं, पण जुमात म्हणाला, राहू दे त्याला. सगळं सांगितलं. शब्द आधी वहीत लिहून नेले होते. तरी मधेच अडकलो, तेव्हा आतान शब्द पुरवत होता.

जुमात पिंजऱ्याची तार वळत होता, ती वळतच राहिला. मग त्यानं विचारलं, "कोणी मंदावलं?"

"माझ्या भावानं. तो कॅप्टन होता."

"आणि पुढे कोण गेलं?"

मी म्हणालो, "मी."

 भरती येत होती, जमिनीच्या फटींतून पाणी चमकत होतं. जुमात उठेल, मारेल, असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, हेही खरं. तो उठला, पण आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात बंदराच्या कारकुनाचा तो कागद होता, नऊ वर्षं जपलेला. म्हणाला, मला यातलं काही वाचता येत नाही, पण यात लिहिलंय की मी खोटारडा आहे. हे बदल.

एवढंच मागितलं.

मग मी निघताना त्यानं तुझं नाव विचारलं. दोनदा म्हणून पाहिलं. आमेय, आमेय.

परत आल्यावर एक वकीलबाई गाठल्या. त्यांनी मला तीनदा विचारलं की मी निवृत्त आहे, कुणी माझ्या मागे लागलेलं नाही, मग हे का करतोय. याचे परिणाम काय होऊ शकतात तेही समजावून सांगितलं. मी जबाब लिहून दिला. इथल्या अधिकाऱ्यांना एक प्रत, तिकडच्या बंदराला एक. एजंटची ती ईमेल मी पुसली नव्हती, छापून घरी ठेवली होती. का ठेवली होती ते मला सांगता येत नाही. तीही जोडली.

जबाबात लिहिलं आहे की कॅप्टननं वेग कमी केला, वळण्याची परवानगी मागितली, आणि ती मी नाकारली. तुझं नाव त्यात आहे. तुला न विचारता घातलं, कारण त्याशिवाय जुमातचं जहाज खरं ठरत नाही. राजसला कळवलं. तो म्हणाला, "बाबा, आईला माहीत होतं?" मी नाही म्हणालो. त्यानं फोन ठेवला. अजून त्याचा फोन आलेला नाही.

प्रबोध

सेंगकांग
२८ सप्टेंबर २०२५

अमेय,

तुझं पाकीट गेल्या मंगळवारी आलं. अक्षर ओळखलं आणि खालीच, पत्रपेट्यांजवळ उभ्या उभ्या फोडलं. आत जुमातच्या नावाचं इंग्रजी पत्र, दोन पानं. वरती टाचलेल्या चिठोऱ्यावर: 'कृपया भाषांतर करून वाचून दाखवावे.' मी पाकीट उलटं करून झटकलं. माझ्यासाठी आणखी काही नव्हतं. असायला हवं होतं असं नाही.

काल ते घेऊन गेलो. जुमातला म्हणालो, भावाचं पत्र आलंय. तो म्हणाला, इथे नको, तिकडे वाच. म्हणजे मेव्हण्यांच्या बेटावर. नऊ वर्षांत तो त्या धक्क्याला लागला नव्हता. आतानची होडी असूनही सुकाणू त्यानंच धरलं.

मोठा मामा दारात आला. जुमातला पाहून त्यानं दार अडवलं. आतान मधे पडला, म्हणाला, दहा मिनिटं ऐका, मग हाकला. आत बसलो. मामा, मामी, एका कोपऱ्यात मेलाती. जुमातच्या भिंतीवरच्या फोटोतल्या बाईचा चेहरा तिच्या चेहऱ्यात आहे. तिनं बापाकडे पाहिलं नाही.

आधी मी माझं सांगितलं. सहा आणि सातचा हिशेब समजावून सांगितला. मामाला तो पटकन कळला. तो बाटामला गोदीत काम करायचा, सिंगापूरचं घड्याळ त्याला ठाऊक होतं. त्याचा चेहरा तिथेच बदलला.

मग तुझं पत्र वाचलं. एक ओळ इंग्रजीत, मग मलायमध्ये. तू काही सजवलेलं नाहीस. वेळ, दिशा, वेग, पाऊस. हेल्म्समन काय म्हणाला. तू खिडकीशी गेलास आणि पाण्यात एक निळी रंगवलेली फळी पाहिलीस. हे तू मला फोनवर सांगितलं नव्हतंस, अमेय. निळी फळी म्हटल्याबरोबर मेलातीनं मान वर केली. होडी निळी होती, ती म्हणाली, मी आणि आईनं रंगवली होती.

दुसऱ्या पानावर ती ओळ आली. 'कॅप्टनला कुणाच्या परवानगीची गरज नसते. मी भावाला विचारलं, कारण मला नाही हे उत्तर ऐकायचं होतं.'

ही ओळ मी फेरीत बसूनच वाचली होती. ती गाळायची असं मी येताना ठरवलं होतं. कुणाला कळलं नसतं, त्या घरात इंग्रजी कुणाला येत नाही. तुला वाचवतोय असं मी स्वतःला सांगितलं होतं. पण जुमात माझ्या तोंडाकडे बघत होता. बोट त्या ओळीवर होतं आणि मी थांबलो होतो. मला एवढंच सुचलं की एक अक्षरही खोटं नसलेलं उत्तर मी या माणसाला एकदा देऊन चुकलोय. मी ती ओळ वाचली. जशी आहे तशी.

जुमातनं ती पुन्हा वाचायला सांगितली. मग म्हणाला, हा माणूस खरं बोलतो.

तू माफी मागितलेली नाहीस. शेवटी फक्त लिहिलंयस की मी थांबायला हवं होतं, मी थांबलो नाही, आणि मला तुमच्या पत्नीचं नाव माहीत आहे, सेनाह.  आताननं माझ्यासाठी खुणेनं पाणी मागितलं.

 मामा मेलातीकडे वळून म्हणाला, "तुझा बाप खरं सांगत होता." एवढं म्हणून तो उठून बाहेर गेला. त्याच्या रडण्याचा आवाज घरभर येत होता.

मुलगी आणि बाप एकमेकांना बिलगले वगैरे काही झालं नाही. तिनं माझ्या हातातून तुझं पत्र घेतलं, ज्यातलं तिला काही वाचता येत नव्हतं, आणि दोन्ही पानं निरखून पाहिली. आईचं नाव कुठे आहे ते विचारलं. मी बोट ठेवून दाखवलं. तेवढं तिला वाचता आलं. मग तिनं जुमातला विचारलं की त्यानं जेवून घेतलंय का. तो नाही म्हणाला. ती स्वयंपाकघरात गेली.

मी आणि आतान निघालो. जुमात तिथेच राहिला. होडीपर्यंत पोचवायला आला तेव्हा त्यानं तुझ्यासाठी निरोप दिला. म्हणाला, आमेयला सांग, ये. जागा मला माहीत आहे, मी नेईन. तिथे सेनाहसाठी काहीतरी म्हणू. माझ्यासाठी त्यानं काही म्हटलं नाही, आणि मी थांबलो नाही.

सहा ऑक्टोबरला मला इथल्या अधिकाऱ्यांनी बोलावलंय. वकीलबाई सोबत येतील. तुझ्यापर्यंतही कागद येईल, घाबरून जाऊ नकोस, जे जुमातला लिहिलंस तेच लिही. तिकडच्या बंदराचं उत्तर आलं आहे. जुमातचं प्रकरण पुन्हा उघडत आहेत.

तू येणार असलास तर सेकुपांगची फेरी हार्बरफ्रंटहून सुटते. चांगी विमानतळावरून तुला मी आणावं असं वाटत असेल तर येईन. मी समोर नको असेन तर आतानचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे, तो सेकुपांगला थांबेल. काय ते जाईकडून कळव.

प्रबोध